अंबिकाबाईंचा रिलीव्हर

अंबिकाबाई कोरगावकर पहिल्यांदा लक्षात आल्या, त्या गात नव्हत्या म्हणून.

२००६ ची दिवाळी नुकतीच उलटली होती. भाईंदर पूर्वेला, गोडदेव नाक्याच्या आतल्या अंगाला, त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ‘सांजसूर’ मंडळाची शनिवारची बैठक भरली होती. बहुतेक मंडळी साठीच्या अलीकडे-पलीकडे, गिरगाव-दादरच्या खोल्या विकून इकडे ऐसपैस जागेत आलेली. एकेक जण माइक घ्यायचा आणि टीव्हीवर रंग बदलत सरकणाऱ्या शब्दांमागे धावत गायचा. ज्यांना गाता येत होतं ते गात होते, ज्यांना येत नव्हतं ते जरा जास्तच गात होते. न गाणारी एकच बाई होती. टीव्हीशेजारच्या टेबलाला चिकटून, श्रोत्यांकडे जवळजवळ पाठ करून बसलेली. समोर व्हीसीडी प्लेअर, चकत्यांच्या चवडी, गळ्यात दोरीला लोंबणारा चष्मा. गाणं सुरू झालं की ती मान किंचित कलती करायची, पहिली ओळ ऐकायची, “लागलं,” असं स्वतःशीच म्हणायची आणि त्या गाण्याशी आपला आता काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं पुढची चकती शोधायला लागायची.

मान कलती करायची ही सवय नोकरीतली होती. अंबिकाबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानाला हेडसेट, समोर भोकाभोकांचा बोर्ड. एका भोकातली दोरी दुसऱ्या भोकात घालायची, दोन्हीकडची माणसं एकमेकांना ऐकू येताहेत एवढं क्षणभर ऐकायचं आणि कान काढून घ्यायचा. ‘हॅलो’च्या पुढचं सगळं त्या माणसांचं. हा झाला एक नियम. दुसरा याहून कडक होता. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीची ऑपरेटर, येऊन शेजारी बसल्याशिवाय, तिनं हेडसेट डोक्यावर चढवल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. पाळी संपलेली असो, पोटात कळ येत असो, घरी पाहुणे येऊन बसलेले असोत, बोर्ड रिकामा ठेवायचा नाही.

याच नियमापायी १९७४ च्या वार्षिक संमेलनात त्यांचं गाणं राहिलं होतं. द्वंद्वगीत होतं, जोडीला इंजिनिअरिंग विभागातला पंढरीनाथ कोरगावकर. महिनाभर जेवणाच्या सुट्टीत जिन्याखाली तालीम चालली होती. पहिलं कडवं पुरुषाचं, दुसरं बाईचं. बाईच्या कडव्यात खालून वळसे घेत वर चढणारी एक जागा होती. ती अंबिकाबाईंना अशी काही सापडली होती की कपबश्या गोळा करणारा माणूस ट्रे हातात घेऊन तिथंच उभा राहायचा. संमेलनाच्या संध्याकाळी रिलीव्हर आली नाही, तिचा मुलगा तापानं फणफणला होता. वरच्या मजल्यावर संमेलन, खालच्या मजल्यावर अंबिकाबाई. ऐनवेळी दुसऱ्या एका मुलीला उभं केलं गेलं. त्या दिवशी त्यांनी नागपूर, सुरत, बेळगाव असे कुठकुठले फोन जोडले आणि मध्येच छतातून पेटीचे सूर झिरपत आले. गाणं आटोपल्यावर पंढरीनाथ कागदी बशीत बटाटेवडा घेऊन खाली आला.

“तुझी ती जागा तिला नाही जमली,” तो म्हणाला.

पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. ती जागा स्वयंपाकघरात, नळाचं पाणी जोरात सोडून, कधीमधी घेऊन बघितली जायची. चार माणसांसमोर, पंढरीनाथांच्या शेजारी उभं राहून ते गाणं म्हणायचं तेवढं राहून गेलं होतं. अंबिकाबाई हे कुणाला सांगत नसत. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असंच त्यांना वाटायचं.

निवृत्तीनंतर पंढरीनाथांनी ‘सांजसूर’ काढलं. माणूस उत्साही, आवाज गोड, बोलणं त्याहून गोड. पहिल्याच शनिवारी त्यांनी रिमोट पुढं केला. “अंबू, तू जरा हे बघशील? आजच्या दिवस.”

तो आजचा दिवस वर्षभर चालला.

खरी पंचाईत चकत्यांनी केली. हाताळून हाताळून त्यांवर ओरखडे पडले. एका शनिवारी एस.टी.तून निवृत्त झालेले दत्ताराम पाटकर रंगात आले असताना चकती अडकली. तेवढेच चार शब्द पुन्हा पुन्हा येऊ लागले आणि दत्ताराम इमानेइतबारे तेवढेच चार शब्द पुन्हा पुन्हा गाऊ लागले. लोकांना वाटलं, आळवताहेत. दोघं-तिघं ‘वाहवा’ही म्हणाले. शेवटी अंबिकाबाईंनी बटण दाबलं तेव्हा दत्ताराम घामाघूम झाले होते.

“वहिनी, लवकर सोडवलंत,” ते म्हणाले, “नाहीतर मी तिथंच म्हातारा झालो असतो.”

“आणखी?” मागून कुणीतरी विचारलं आणि हॉल हसून पडला.

त्या रात्री जेवताना ठरलं की आता लॅपटॉप घ्यायचा. गाणी त्यात भरायची, शब्द टीव्हीवर दाखवायचे, आणि त्यासाठी खास सॉफ्टवेअर मिळतं ते बघायचं. पंढरीनाथ म्हणाले, “तूच निवड. वापरणार तूच आहेस.”

वापरणार तूच आहेस. अंबिकाबाईंनी ताटातली भाजी बोटानं एका बाजूला सारली. मंडळाचा वर्धापनदिन जानेवारीत, नाक्यावरच्या मोठ्या हॉलमध्ये व्हायचा होता. त्यात ते द्वंद्वगीत म्हणायचं त्यांच्या मनानं घेतलं होतं. पंढरीनाथांना त्यांनी तेवढं विचारलंही.

“अगं, म्हणू की!” ते खूश झाले. मग म्हणाले, “पण तेवढ्यात ट्रॅक कोण बघेल?”

प्रश्न खोटा नव्हता. कराओकेत ट्रॅक नुसता लावून भागत नाही. प्रत्येकाची पट्टी वेगळी. ती आधी खाली-वर करून ठेवावी लागते. माणूस माइकपाशी पोचायच्या आत गाणं सुरू झालं तर तो ओळ चुकतो, उशिरा झालं तर घसा खाकरून खाकरून घाबरतो. विमा कंपनीत काम करणारी रसिका नाडकर्णी मंडळात सर्वांत तरुण. तिला अंबिकाबाईंनी दोन शनिवार शेजारी बसवून घेतलं. मुलगी हुशार होती. पण तिनं एका आजींना अर्धी पट्टी चढी लावली आणि आजींचा आवाज चिरकला, तसा अंबिकाबाईंचा हात आपोआप पुढं गेला.

“राहू दे गं. मीच बघते.”

“काकू, एकदा चुकेन, दोनदा चुकेन, मग येईल ना!”

“येईल, येईल. पण आज राहू दे.”

तिसऱ्या शनिवारी रसिका नुसती गायलाच आली. आपण तिला घालवलं हे अंबिकाबाईंच्या ध्यानात आलं, पण चिरकलेला आवाजही त्यांच्या कानातून जात नव्हता. मग त्यांनी मनाशी दुसरा विचार केला. माणसाला जमत नसेल तर यंत्राला जमवायचं. लॅपटॉप आणि सॉफ्टवेअर असं निवडायचं की आपण उठून गेलो तरी बोर्ड चालू राहील.

मदतीला विपुल घरत होता. गोडदेवच्या जुन्या घरातला. आजोबांची मिठागरं होती, वडिलांची भातशेती, आणि याचे स्पीकर. हळदीपासून साखरपुड्यापर्यंत गावातला सगळा आवाज त्याच्या टेम्पोतून यायचा. त्यानं पहिलं सॉफ्टवेअर फुकट आणून दिलं, चकतीवर स्केचपेननं नाव लिहून. ते गाणं वाजवायचं, पण पट्टी बदलायचं नाही. शिवाय टीव्हीवर लॅपटॉपमधलं सगळंच दिसायचं. पुढचं गाणं शोधायला गेलं की गाणाऱ्याचे शब्द गायब. दुसरं रसिकाच्या ऑफिसातल्या कुणीतरी इंटरनेटवरून उतरवून दिलं. ते पट्टी झकास बदलायचं, मात्र दर थोड्या वेळानं ‘आता मला विकत घ्या’ अशी इंग्रजी पाटी कडव्याच्या मधोमध झळकवायचं. दत्तारामांनी ती पाटीसुद्धा एकदा सुरात वाचली.

तिसरं मात्र वेगळं निघालं. शब्द टीव्हीवर, बाकीचं सगळं फक्त लॅपटॉपवर. कुणाची कुठली पट्टी ते एकदा सांगितलं की त्याला आठवायचं. गाणी रांगेत लावून ठेवायची, रांगेतलं गाणं बोटानं उचलून वर-खाली सरकवताही यायचं. आणि एक गाणं संपलं की टाळ्यांपुरतं थांबून ते आपणहून पुढचं लावायचं. विपुलच्या दुकानातल्या संगणकावर अंबिकाबाईंनी रांग लावली आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. पहिलं गाणं संपलं. हात बटणाकडं धावले, त्यांनी ते दाबून धरले. पडदा क्षणभर काळा झाला आणि दुसरं गाणं सुरू झालं. मग तिसरं.

“काकू, रडताव की काय?” विपुल घाबरला.

“छे रे. डोळ्यांत कचरा गेला. हेच घ्यायचं. पैसे भरून, रीतसर.”

“पैसं भरून? काकू, गोडदेवात सॉफ्टवेअर पैसं भरून कोनी घेतला न्हाय आजून.”

“मग मी पहिली.”

लॅपटॉप आणायला दोघं विपुलच्या टेम्पोतून लॅमिंग्टन रोडला गेले. त्याला स्पीकरमध्ये बसवायचे कागदी कोन हवेच होते. दुकानदार बोलका होता. यात गाणी किती मावतील, पिक्चर किती झकास दिसेल, कॅमेरासुद्धा आहे, असं तो सांगत सुटला. अंबिकाबाईंनी पिशवीतून हेडफोन काढले, लॅपटॉपच्या भोकात घातले आणि डोळे मिटून बसल्या. मग म्हणाल्या, “अब चार्जर लगाइए.” त्यानं लावला. “अब निकालिए.” त्यानं काढला. असं पाच लॅपटॉपना केलं.

“आंटीजी, आप को गाना सुनना है या सन्नाटा?”

“सन्नाटा,” अंबिकाबाई म्हणाल्या.

विपुल काउंटरवर डोकं ठेवून हसला. पण बाईंचं बरोबर होतं. चार्जर लावला की बऱ्याच यंत्रांत बारीक घूंऽऽ असा आवाज येत होता, कानात डास शिरल्यासारखा. स्पीकरवर तो डासाचा भुंगा होणार. ज्या लॅपटॉपमध्ये तो सर्वांत कमी होता आणि बॅटरी सर्वांत टिकाऊ होती, तो त्यांनी घेतला. जुन्याच सिस्टीमचा, जाडजूड, दिसायला पोळपाटासारखा. टीव्हीची वायर लावायला मागं वेगळी जागा होती, तेवढी त्यांनी वाकून, बोट लावून पाहिली. येताना टेम्पोत तो मांडीवर घेऊन बसल्या. महामार्गाला लागल्यावर त्या एकदम म्हणाल्या, “विपुल, रिलीव्हर मिळाला बघ.”

“कोन मिलाला?”

“काही नाही. तू पुढं बघून चालव.”

डिसेंबरातले सगळे शनिवार या नव्या यंत्राचे झाले. पण एक गोष्ट त्यांच्या हिशेबात आली नव्हती. यंत्र रांगेनं चालायचं, मंडळ रांगेनं चालत नव्हतं. दत्तारामांचा नंबर आला की ते हटकून बाहेर मावा थुंकायला गेलेले. कुणाला ऐनवेळी गाणं बदलायचं, कुणाला “वहिनी, आज घसा बसलाय, अर्धी पट्टी खाली.” यंत्राला बसलेला घसा कळत नव्हता. एकदा ते ठरल्याप्रमाणे सुरू झालं आणि रिकाम्या माइकपुढं अख्खं कडवं शब्द रंगत राहिले. तेव्हा अंबिकाबाईंनी ‘आपणहून’चं बटण बंद केलं. वर्धापनदिनाला आपल्या गाण्यापुरतं चालू करू, असं त्यांनी ठरवलं. एका गाण्याचा तर प्रश्न. ते संपेपर्यंत त्यानं सांभाळलं की झालं.

वर्धापनदिनाच्या हॉलमागं स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणारे गाळे होते. संध्याकाळी पाचला विपुलनं स्पीकर जोडले, लॅपटॉपचा चार्जर लावला, आणि अख्ख्या हॉलमध्ये भुंगा घुमला.

“हमिंग हाय, काकू. मागं पॉलिशची मशीना चालू हायेत ना, ती लायनीत घुसतान. चार्जर काढा, सगला गप होईल.”

काढला. झालं शांत. बॅटरी पूर्ण भरलेली होती, कार्यक्रम आखला होता तेवढ्याला पुरून उरली असती. आणि मध्यंतरात गाणं नसताना चार्जर लावून घ्यायचा, असं दोघांचं ठरलं. अंबिकाबाईंचं द्वंद्वगीत मध्यंतराच्या आधी शेवटचं ठेवलं होतं. त्या अंजिरी रंगाची साडी नेसून आल्या होत्या. केसांत चार फुलं होती. पंढरीनाथ दोनदा येऊन म्हणाले, “छान दिसतेस हं,” आणि दोनदा त्यांना कुणीतरी हाक मारून घेऊन गेलं.

हॉल भरला. सुरुवात ठरल्याप्रमाणे झाली. तिसऱ्या गाण्यानंतर एक गृहस्थ टेबलापाशी वाकले.

“वहिनी, लेक विरारहून आलीय, तिला निघायचंय. माझं एक आधी घ्याल?”

अंबिकाबाईंनी रांगेतलं आपलं गाणं बोटानं खाली सरकवलं. किती सोपं होतं ते. मग एक बाई आली, तिच्या नातवाला झोप येत होती. मग दत्ताराम आले.

“वहिनी, मी काही मागत नाही.”

“मागा हो.”

“मध्यंतरानंतर लोक पांगतात. मला पांगलेले लोक नकोत. बसलेले हवेत.”

“बसतील की! तुमचं ऐकायला कोण उठेल?”

“तेच तर! उठायच्या आत म्हणून टाकतो.”

अंबिकाबाई हसल्या आणि आपलं गाणं आणखी एक घर खाली सरकवलं. कुणालाच नाही म्हणावंसं वाटेना. प्रत्येकाचं कारण खरं होतं आणि आपलं कारण काय, हे सांगायची त्यांना कधी सवयच नव्हती. तेवढ्यात पंढरीनाथांनी माइक घेतला.

“मित्रहो, आपण सगळे गातो. पण आपल्याला गाऊ कोण देतं? आमची अंबिका!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. सत्कार व्हायचा होता, पण सत्कारमूर्तीला उठता येईना, पुढचा ट्रॅक टाळ्या संपताच लावायचा होता. मग प्रमुख पाहुणेच शाल-नारळ घेऊन टेबलापाशी आले. शाल खांद्यावर पडली, नारळ मांडीत बसला आणि अंबिकाबाईंनी उजव्या हातानं पुढचं गाणं लावलं. शाल माऊसवर घसरत होती, ती त्यांनी दोनदा सावरली आणि मग खुर्चीच्या पाठीवर टाकली.

मध्यंतर झालं. द्वंद्वगीत त्याआधी झालं नव्हतं. चार्जर हातात घेऊन विपुल भिंतीकडं गेला, तर स्टेजजवळचा एकुलता मोकळा प्लग चहावाल्यानं घेतला होता. चहाची मोठी विजेची किटली त्यावर खळखळत होती.

“चहा झाला की लावतो, काकू,” विपुल म्हणाला. तेवढ्यात माइक खरखरायला लागला म्हणून तो तिकडं धावला. अंबिकाबाईंभोवती माणसांचा गराडा. “वहिनी, माझी पट्टी...” “वहिनी, ते गाणं नको, हे घ्या...” चहा संपला, किटली निघाली. मध्यंतरही संपलं होतं. चार्जर लावावा तर भुंगा येणार, आणि आता गाणाऱ्याला भुंग्यात उभं कसं करायचं? पडद्याच्या कोपऱ्यातली बॅटरीची खूण निम्म्याखाली होती. पुरेल, त्यांना वाटलं.

आणखी तिघांनी कारणं सांगितली. गाणं आणखी तीन घरं खाली गेलं. आणि मग, हॉल रिकामा करायची वेळ जवळ आली असताना, रांगेत एकच गाणं उरलं.

खूण लाल झाली होती, पण शेजारी अंदाजे वीस मिनिटं उरल्याचं दाखवत होती. गाणं साडेपाच मिनिटांचं. अंबिकाबाईंनी ‘आपणहून’चं बटण चालू केलं, चष्मा काढून लॅपटॉपशेजारी ठेवला आणि उठल्या. खुर्चीपासून माइकपर्यंत फार तर दहा पावलं, पण मध्ये त्यांनी एकदा वळून पाहिलं. खुर्चीत शाल बसली होती.

पंढरीनाथांनी त्यांचा हात धरून त्यांना शेजारी उभं केलं. “लाजू नकोस,” ते कानाशी म्हणाले.

“मी कशाला लाजू? तुम्ही ओळ चुकू नका.”

ट्रॅक सुरू झाला. धृपद दोघांनी मिळून म्हटलं. निम्मा हॉल उठायच्या बेतात होता तो परत बसला. पहिल्या रांगेत रसिका पुढं झुकून ऐकत होती. दत्तारामांनी शेजाऱ्याला “श्शू” केलं. पंढरीनाथांचं कडवं झालं, न चुकता. मग व्हायोलिनं सुरू झाली, दुसऱ्या कडव्यापूर्वीची. अंबिकाबाईंनी श्वास भरून घेतला. त्यांना शब्द बघायची गरज नव्हती.

व्हायोलिनं मध्येच तुटली. टीव्ही निळा पडला. टेबलावरचा लॅपटॉप काळा.

हॉलमध्ये शांतता पसरली. ही शांतता अंबिकाबाईंनीच पाच लॅपटॉप चाळून निवडलेली होती, तिच्यात जराही घूं नव्हती. भरून घेतलेला श्वास छातीत तसाच होता. आणि मग सगळीकडून आवाज आले.

“वहिनी, ट्रॅक!”

“ट्रॅक गेला, वहिनी!”

“अंबू,” पंढरीनाथ माइक खाली करत म्हणाले, “काय झालं बघ ना.”

एकच आवाज वेगळा होता. “काकू, तशाच म्हणा!” रसिका म्हणत होती. “ट्रॅक जाऊ दे, तुम्ही म्हणा!”

तोवर अंबिकाबाई खुर्चीपाशी पोचल्या होत्या. त्यांना कुणी ओढलं नव्हतं. माइक हातातच होता, तो त्यांनी नारळाशेजारी ठेवला, चष्मा चढवला आणि म्हणाल्या, “विपुल, चार्जर.”

यंत्र सुरू व्हायला त्याचा वेळ घेतच होतं. स्पीकरमधून भुंगा निघाला आणि लोक हसले, चपला शोधू लागले. हॉलच्या वॉचमननं, रामूनं, मागचे दिवे मालवायला सुरुवात केली. “उद्या लगीन हाय हितं, मांडववाले खोलंबलेत,” तो दारातून म्हणाला. पंढरीनाथांनी माइकवरून सर्वांचे आभार मानले. पडद्यावर गाणं परत उघडलं, तेव्हा ते पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला तयार होतं. अंबिकाबाईंनी ते बंद केलं आणि वायरी गुंडाळू लागल्या.

घरी जाताना नारळ पंढरीनाथांनी घेतला होता, लॅपटॉप अंबिकाबाईंनी.

“पुढच्या वर्षी पहिलं तुझंच,” ते म्हणाले. “अगदी पहिलं. कोणालाही मध्ये घुसू द्यायचं नाही.”

“हं.”

“रागावलीस?”

“कोणावर?” अंबिकाबाईंनी विचारलं. खरंच कुणावर रागवावं हे त्यांना सापडत नव्हतं. गोडदेव नाक्यापर्यंत त्या एकेक माणूस मनात धरून बघत गेल्या, लेक विरारहून आलेले गृहस्थ, झोपाळलेला नातू, दत्ताराम, चहावाला. रागवायला एकही त्यांना जमला नाही.

पुढच्या शनिवारी रसिका टेबलापाशी येऊन उभी राहिली. “काकू, सरका. मी बसते. तुम्ही काकांबरोबर म्हणा, आत्ता.”

अंबिकाबाईंनी तिच्याकडं पाहिलं. सरकायला खुर्ची मागं ढकललीसुद्धा. तेवढ्यात माइकपाशी उभ्या असलेल्या आजींनी घसा खाकरला, आणि त्या खाकरण्यावरून बाईंना कळलं की आज यांना नेहमीची पट्टी झेपायची नाही. रसिकाला हे कसं कळणार? त्यांनी खुर्ची पुढं ओढली, पट्टी एक घर खाली केली, मान कलती केली.

“लागलं,” त्या म्हणाल्या. मग रसिकाला म्हणाल्या, “तूच म्हण ना ते गाणं. काकांना जोडी हवीच आहे. मी आहे इथं.”

रसिका नको-नको म्हणत राहिली. पंढरीनाथांनीही आधी डोकं हलवलं. “अगं, ते तुझं गाणं आहे.” पण लोकांना अर्धवट राहिलेलं गाणं पुरं ऐकायचं होतं, आणि आजींचं गाणं संपताच अंबिकाबाईंनी त्याचा ट्रॅक लावून टाकला होता.

वर्धापनदिन त्यानंतर आणखी दोन झाले. लॅपटॉपची बॅटरी बदलून झाली. मागचे स्टीलचे गाळे वसईकडं गेले, त्यामुळं चार्जर लावला तरी आता भुंगा येत नाही. दत्ताराम मावा सोडल्याचं सांगतात. ते द्वंद्वगीत दर वर्षी होतं. पंढरीनाथ आणि रसिका नाडकर्णी म्हणतात, बाईच्या कडव्याची पट्टी रसिकाला लावलेली असते, आणि ट्रॅक अंबिकाबाई बघतात.